बसल्या बसल्या सरकलं पायजे

सर्जेरावांच्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला 'बसा' म्हटलं नाही, याचा राग मी बरेच दिवस मनात धरून होतो. कोल्हापुरात दारात आलेल्या माणसाला कुणी चहा पाजो न पाजो, 'बसा की पावणं' एवढं तरी म्हणतोच. हे गृहस्थ दाराशी उभे राहून नुसते बघत होते. समोर बैठकांचे चार-पाच नमुने एकाला एक चिकटवून ठेवलेले आणि त्यांवर त्यांचे कारागीर दाटीवाटीनं बसलेले. मी उभा, ते उभे, बोलत कुणीच नाही. शेवटी बसलेल्यांपैकी एकाला माझी दया आली. तो उठला, आपल्या खालचा नमुना उचलून पलीकडे ठेवला आणि मला जागा केली. सर्जेरावांनी कपाळाला हात लावला.

"उठला बघा! उठायला लागलं म्हंजे फेल. न्या आत, पुन्यांदा करा."

आणि नमुने माझ्या डोळ्यांदेखत आत गेले. मी उभाच राहिलो.

मी गादीवाला. आजोबांच्या काळात आम्ही घरोघर जाऊन कापूस पिंजायचो, आता फोम आणि कापडाचं काम करतो. सोफे, दवाखान्यातले बाक, हॉटेलांच्या खुर्च्या असं काय येईल ते. सर्जेरावांचा उद्यमनगरात छोटा कारखाना होता आणि त्यांचं काम जरा वेगळं होतं. हल्ली दहा कंपन्यांची माणसं एकाच मजल्यावर जागा भाड्यानं घेऊन काम करतात, तसल्या ऑफिसांसाठी ते बैठका बनवायचे. आज चौघांनी गोल करून बसावं, उद्या वीसजणांनी ओळीनं, परवा दोघांनी कोपऱ्यात. खुर्चीही नाही आणि सोफाही नाही, सुटे सुटे तुकडे, जोडाल तसे जुळणारे. पुण्या-बेंगलोरची गिऱ्हाइकं त्याला लांबलचक इंग्रजी नाव द्यायची. कारखान्यात मात्र तुकड्यांची नावं घरची होती. संत्र्याच्या फोडीसारखा जो एका बाजूला निमुळता, ती फोड. चौकोनी तो पाट. कडेला लावायचा तो उंबरा. एकदा एका आर्किटेक्ट बाईंनी फोनवर विचारलं की डिलिव्हरी कधी, तर यांनी सांगितलं, "बाई, फोडी झाल्यात, उंबरं वाळायचं हायत." बाईंनी आपण चुकीचा नंबर लावला असं समजून फोन ठेवला.

माणूस उंच, हाडकुळा, कायम पांढरा हाफ शर्ट. शर्टाच्या खिशात पेन नसे, खडू असे, त्यामुळे खिसा नेहमी खडूनं माखलेला. संगणकावर चित्र काढायला ते पन्नाशी जवळ आल्यावर शिकले आणि त्याचा त्यांना भारी गर्व होता. पण खरं चित्र फरशीवर, खडूनं. वाकायचे, रेघ मारायचे, त्यावर स्वतः बसून बघायचे, आणि मग शिव्या देत पुसायचे. शिव्या स्वतःलाच. नम्रपणा वगैरे त्यांच्यात औषधालाही नव्हता. दुसऱ्या कुणी बनवलेलं फर्निचर दिसलं की तोंड असं करायचे की जणू दुधात काहीतरी पडलंय. माझ्या दुकानातल्या बाकड्यावर ते कधी टेकले नाहीत. "ह्यावर बसायचं म्हंजे शिक्षा हाय," असं माझ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. मीही ऐकून घेणाऱ्यातला नाही. "मग उभं ऱ्हावा की," मी म्हणायचो, आणि ते उभे राहायचे.

डबासुद्धा उभ्यानंच खायचे. कारागीर खाली गोल करून बसत, एकमेकांच्या भाजीत हात घालत, आणि हे खिडकीपाशी डब्याचं झाकण हातात धरून उभे. लग्न केलेलं नव्हतं. आई होती तोवर डबा ती द्यायची, ती गेल्यावर स्वतः करायचे, आणि चांगला करायचे. मी एक-दोनदा म्हटलं, या की, बसा आमच्यात. "जेवताना मला गर्दी सोसत न्हाय," म्हणाले. दिवसभर माणसं दाटीवाटीनं कशी बसतील याचाच विचार करणारा माणूस, आणि म्हणे गर्दी सोसत नाही! मला ते ढोंग वाटलं आणि मी नाद सोडला.

त्यांचं सगळं काम एका गोष्टीवर अडलेलं असायचं. नवा माणूस आला की बसलेल्यांना जागचं न उठता सरकता आलं पाहिजे. चाकं लावावीत तर बैठक नुसती पळते, न लावावीत तर हलत नाही. त्यांनी खाली नायलॉनचे गुळगुळीत बूट लावून पाहिले, कमी-जास्त उंचीचे, कमी-जास्त गोलाईचे. वजनदार माणूस, हलका माणूस, फरशी, लाकूड, गालिचा, सगळं करून पाहिलं. "माणूस उठून जागा करत न्हाय, रफीकभाई. उठायचं म्हटलं की त्यो इचार करतो. आणि इचार केला की न्हाय म्हणतो. बसल्या बसल्या ढुंगणानं ढकललं की सरकलं पायजे. इचार करायच्या आत." हे ते बाईमाणसांसमोरही याच शब्दांत सांगत. आणि दर नव्या नमुन्याची परीक्षा तीच, जी मी पहिल्या दिवशी पाहिली. कारागिरांना बसवायचं, बाहेर जायचं, परत यायचं आणि तोंडातून शब्द न काढता समोर उभं राहायचं. कारागीर कंटाळलेले असत. पण मी पाहिलंय, तेवढा एक क्षण सर्जेराव कंटाळलेले नसत. हात खिशात घालून, मान जरा वाकडी करून उभे राहायचे आणि चेहरा असा करायचे की त्यांना बसायचंच नाही, सहज आलेत. परीक्षेला एवढं सोंग कशाला आणायचं, असं मला वाटायचं.

पुण्याच्या एका मोठ्या ऑफिसचं काम घ्यायला आम्ही दोघं गेलतो. मी कापडाचे नमुने घेऊन. तिथला साहेब पोरगेलासा, हुशार, बोलायला गोड. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली, माणसं कशी एकत्र येतील, कशी कल्पना लढवतील. सर्जेराव ऐकत होते. मग म्हणाले, "आनि उशिरा आलेल्या माणसाचं काय करता?"

"सर, आमच्याकडं उशिरा येणाऱ्याला मेमो देतात," तो पोरगा म्हणाला, आणि खोलीतले सगळे हसले. मीही हसलो, काय खोटं सांगू. सर्जेरावांना मात्र राग आला. त्यांनी अर्धा तास भाषण दिलं, सरकण्यावर. साहेबानं दोनदा घड्याळ पाहिलं. काम गेलं. परतीच्या वाटेवर कराड आल्यावर ते एवढंच म्हणाले, की पोरगा चुकीचं काही म्हणाला नाही, त्यांच्यात तशीच पद्धत असेल.

दुसरी फजिती इथलीच. कोल्हापुरातच स्टेशनाजवळ तसलं एक ऑफिस निघालं आणि बैठका यांच्या गेल्या. पाठ टेकायला काही नव्हतं, मुद्दाम ठेवलं नव्हतं. "पाठ टेकली की माणूस बोलायचा थांबतो," हा यांचा सिद्धांत. तिथं टॅक्सचं काम करणारी एक मुलगी होती, नेसरीकडची, जिभेला हाड नसलेली. हे पाहणीला गेल्यावर तिनं सुनावलं, "काका, आमी इथं बोलायला येत न्हाय, काम करायला येतोय. एक दिवस बसून बघा तुमच्या ह्या पाटावर." हे दुसऱ्या दिवशी खरंच गेले. सकाळपासून दिवे लागेपर्यंत तिच्या शेजारी बसले. तिथून थेट माझ्या दुकानात आले, कमरेवर हात ठेवून, चेहरा वाकडा. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या शिक्षेच्या बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "रफीकभाई, पाठ लावा. जाड लावा." मी चार दिवस ही गोष्ट सगळ्या पेठेला सांगत होतो.

त्याच पाठी बसवताना एका दुपारी एक जुनी गोष्ट निघाली. कारागीर जेवायला गेलेले. मी फोम कापत होतो आणि सहज फुटबॉलचा विषय काढला. कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ, दुसरं बोलणार काय? मी म्हटलं, आमच्या तालमीकडं एक जुना कप आहे, तुमच्या शिवाजी पेठेतल्या तालमीला हरवून आणलेला, अजून दिवाळीला घासून ठेवतो आम्ही. मला चिडवायचं होतं. ते चिडले नाहीत.

"त्यो कप मी दिलाय तुमाला," ते म्हणाले.

तरुणपणी त्यांनी पंचाची परीक्षा दिली होती. त्या फायनलला लाइनमन आलाच नाही, आणि हे प्रेक्षकांत बसलेले. यांच्या हातात झेंडा दिला. आमच्यावाल्यांनी कुरकुर केली, पण पोरगा सरळ आहे असं कुणीतरी म्हटलं आणि चाललं. शेवटच्या मिनिटांत यांच्याच तालमीच्या बंडानं गोल मारला. बंडा म्हणजे यांचा जिवाभावाचा दोस्त, एका ताटात जेवणारा. सगळी पेठ मैदानात उतरली. आणि हे कडेला झेंडा वर करून उभे. ऑफसाइड.

"मग? मारलं व्हय तुमाला?"

"मारलं असतं तर बरं झालं असतं. बंडानं एक शिवी सुदीक दिली न्हाय."

संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे तालमीच्या कट्ट्यावर गेले. दगडी कट्टा, तालमीच्या भिंतीला लागून, आठ-दहाजण मावतील एवढा. कट्ट्यावर कुणी जागा मागत नाही, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. आलेला माणूस नुसता समोर उभा राहतो, बसलेले बोलता बोलता सरकतात, आणि तो बसतो. कोण सरकलं हेही कळत नाही. त्या संध्याकाळी सर्जेराव समोर जाऊन उभे राहिले. बोलणं चालूच होतं. बंडा मधोमध बसलेला. कुणी सरकलं नाही. हे हात खिशात घालून उभे राहिले, दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघतोय असं दाखवून, आणि मग निघून आले. दुसऱ्या दिवशी गेले, तेच. असे काही दिवस गेले, आणि मग जायचे थांबले.

"ऑफसाइड हुता?" मी विचारलं.

"व्हता," ते म्हणाले. मग फोमच्या कडेवरून बोट फिरवलं. "व्हता की."

 खरं सांगतो, त्या दुपारनंतर ते नमुन्यासमोर जाऊन उभे राहिले की मला तिकडं बघवत नसे. मी फोम मोजायचं निमित्त करून पाठ फिरवायचो.

त्या वर्षी फुटबॉलच्या हंगामात ते स्टेशनाजवळच्या ऑफिसात कसलीशी दुरुस्ती करायला गेले होते. पोरांनी यांच्या सगळ्या फोडी आणि पाट उचलून एका लॅपटॉपसमोर गॅलरी केली होती, काम सोडून मॅच चाललेली. हे दारात उभे राहिले. एका पोरानं मान वर न करता, पडद्यावरची नजर न काढता, बुडाखालचा पाट बाजूला सरकवला आणि म्हणाला, "बसा की काका." सर्जेराव बसले. मॅच संपेपर्यंत बसले. संध्याकाळी माझ्याकडं येऊन ही हकिकत त्यांनी मला सांगितली, चहा झाल्यावर पुन्हा सांगितली आणि स्कूटर चालू केल्यावर ती बंद करून तिसऱ्यांदा सांगितली. "मान वर केली न्हाय त्यानं, रफीकभाई!" त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. घरी ही गोष्ट सांगायला त्यांच्याकडं कुणी नव्हतं, हे ते निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं आणि वाईट वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांच्या जुन्या तालमीचा माणूस कारखान्यात आला. बंडाचा पुतण्या. तालमीची इमारत नवी होत होती, गटारीच्या कामात कट्टा गेला होता, आणि म्हाताऱ्यांना बसायला जागा उरली नव्हती. तो म्हणाला, वर हॉल केलाय, तिथं बसायचं काहीतरी करून द्या, तुमी आमचंच हायसा. सर्जेरावांनी त्याच्याकडून माप घेतलं नाही. त्यांना कट्ट्याचं माप ठाऊक होतं.

त्या कामापायी त्यांनी बाकी सगळी कामं मागं टाकली. नायलॉनचे बूट नव्यानं घडवले. एक पाट बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच केला. मी म्हटलं, हा एकच उंच का? तर म्हणाले, बंडाचा उजवा गुडघा गेलाय, खाली बसला की त्याला उठता येत नाही. "तुमाला काय ठावं?" मी विचारलं. "जाता-येता दिसतोय की." एवढी वर्षं हा माणूस रोज त्या रस्त्यानं स्कूटरवरून जात होता, न थांबता, हे मला तेव्हा कळलं. कापड त्यांनी चारदा बदललं. मी वैतागलो, बोललो, तरी बदललं. ते कशाची वाट बघतायत हे आता कारखान्यातल्या झाडूवालीलाही कळत होतं.

हॉलच्या उद्घाटनाला मला घेऊन गेले. एकट्यानं जाववत नाही असं म्हणाले नाहीत, कापडाबद्दल कुणी विचारलं तर तुम्ही असलेले बरे, असं म्हणाले. शर्टाला इस्त्री, खिशात खडू नाही. आम्ही जिना चढून वर गेलो तेव्हा नारळ फुटून गेलेला. म्हातारे बैठकांवर बसून मोठमोठ्यानं बोलत होते, बैठकांचा अर्धा गोल केलेला, मधोमध उंच पाटावर बंडा. सर्जेराव जाऊन समोर उभे राहिले. हात खिशात. मान जरा वाकडी. 

बोलणं चालू असतानाच बंडानं कूस बदलल्यासारखं केलं, त्याच्या शेजारचा सरकला, त्याच्या शेजारचा सरकला, आणि मधे एका माणसाची जागा झाली. कुणी उठलं नाही. सर्जेराव बसले.

मी भिंतीशी उभा राहून डोळे पुसले. बंडानं त्यांच्या मांडीवर थाप मारली. "मर्दा, कुटं हुतास इतकी वर्सं? यायचाच बंद झालास तू!"

सर्जेराव त्याच्याकडं वळले. "मी?"

"तर कोन! आमी म्हटलं, मोटा झाला गडी, पुन्या-बेंगलोरच्या हापिसांची कामं करतोय, आमच्यात कशाला बसंल."

"बंडा, ती फायनल... त्यो झेंडा..."

"कसला झेंडा?" बंडा म्हणाला. पलीकडच्या एकानं आठवण करून दिली. "आरं ते व्हय!" बंडा मोठ्यानं हसला. "ऑफसाइडच हुतो की मी. दुसऱ्या दिवशी विसरलो बी." आणि तो पुन्हा मघाच्या विषयाकडं वळला. कुणाच्या तरी म्हशीची गोष्ट चालली होती.

कुणी सरकलं नव्हतं ती संध्याकाळ त्यांच्यापैकी कुणाच्याच लक्षात नव्हती. कदाचित ते बोलण्यात असतील. कदाचित हे आणखी जरा वेळ थांबले असते तर सरकले असते. मला त्या म्हाताऱ्यांचा संताप आला, आणि संतापायला जागाच नव्हती, कारण माणसं चांगली होती, मलाही कडेला जागा करून चहा पुढं करत होती.

सर्जेराव बसून राहिले. म्हशीच्या गोष्टीतली माणसं त्यांना माहीत नव्हती. सगळे हसले की तेही हसत, पण जरा उशिरा. कुणीतरी कुणाचं तरी टोपणनाव घेतलं आणि हॉल हसून लोटपोट झाला, तेव्हा त्यांनी शेजारच्याला हळूच विचारलं, हा कोण? शेजारचा म्हणाला, "ती मोटी गोष्ट हाय, सांगतो निवांत." आणि सांगायचं राहून गेलं. चहा संपला तसा त्यांनी कप खाली ठेवला आणि उठले. "येतो," म्हणाले. बंडानं बोलता बोलता हात वर केला.

ते चार पावलं चालून मागं वळले तेव्हा जागा राहिलेली नव्हती. कुणी मान वर केली नव्हती, कुणी उठलं नव्हतं. दोन्हीकडचे पाट सरकून एकमेकांना लागले होते.

मी त्यांच्यामागून जिना उतरून खाली आलो. रस्त्यावर पोरांची फटाक्यांची माळ चालली होती. सर्जेरावांनी स्कूटर स्टँडवरून काढली, रुमालानं सीट पुसली आणि बसले. मागची सीट रिकामी होती, मला वाटलं म्हणतील बसा, सोडतो. मी सीट धरायला हात पुढं केला होता.

"तुमी जावा वर," ते म्हणाले. "चिवडा द्यायचा हाय अजून. जागा जाईल तुमची."

आणि किक मारून निघून गेले.